दोन ग्राफिक्स कार्डांचा पीसी दुकानात आला, तर आधी एक कार्ड काढा



कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायच्या तयारीत असलेले बरेच जण मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, फॉरमॅट मारणं येतं, रॅम-हार्डडिस्क बदलणं येतं, प्रिंटर जोडून देतो. पण गेमिंग पीसीचं काम घ्यावं का?" माझं उत्तर, घ्यावं. या कामात पैसा बरा आहे आणि गेमिंगवाला गिऱ्हाईक एकदा खूश झाला की मित्रांची रांग लावतो. फक्त त्यातला एक प्रकार असा आहे की नवख्या माणसाचे दिवसच्या दिवस खातो. तो म्हणजे एकाच कॅबिनेटमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं असलेला पीसी. माझे तीन दिवस खाल्ले, हाती चारशे रुपये आले आणि वर गिऱ्हाईक तुटला.

२०१९ चा उन्हाळा. कराडला माझं दुकान होतं, शटर एक, टेबलं दोन. कॉलेजातला एक मुलगा भलंमोठं कॅबिनेट रिक्षातून घेऊन आला. आत दोन जीटीएक्स १०७०. एक आधीचं, दुसरं जुन्या बाजारातून घेतलेलं. दोन्हींच्या मध्ये एसएलआय ब्रिज, म्हणजे कार्डं एकमेकांना जोडणारी ती पट्टी. तक्रार होती, "दादा, गेम चालू केला की दहा मिनिटांत पीसी रिस्टार्ट होतो. आणि चालला तरी आधीपेक्षा स्लो वाटतो."

मी म्हणालो, "ठेवून जा, बघतो. चारशे रुपये होतील."

इथेच मी दोन चुका केल्या होत्या. न तपासता दर सांगितला, आणि त्याच्या तक्रारी खरं म्हणजे दोन होत्या, त्या मी एकच धरल्या.

पहिल्या दिवशी विंडोज फॉरमॅट मारलं. आपल्याकडे काही सुचलं नाही की फॉरमॅट मारतात, तसं. ड्रायव्हर टाकला, रॅम खोडरबरने घासून बसवली, प्रोसेसरची पेस्ट बदलली. रिस्टार्ट चालूच. दुसऱ्या दिवशी इव्हेंट व्ह्यूअर उघडला तेव्हा कर्नल-पॉवर ४१ ची रांग दिसली. या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं. का गेलं ते ती सांगत नाही, पण संशय वीजपुरवठ्यावर जातो. मग बघितलं तर ५५० वॅटचा साधा एसएमपीएस, आणि दोन्ही कार्डं एकाच केबलच्या दोन तोंडांवर जोडलेली! ओळखीच्या दुकानातून ७५० वॅटचा एसएमपीएस मागून आणला, दोन वेगळ्या केबली दिल्या, रिस्टार्ट थांबला.

मग तिसरा दिवस कशात गेला? त्या 'स्लो'मध्ये. सेटिंग बदलून बघितली, ड्रायव्हर मागचा टाकला, पुढचा टाकला. जबरदस्तीने एसएलआय लावलं तर पडदा लुकलुकायला लागला. संध्याकाळी कळलं की बिघाड काहीच नाही. त्या गेमला दोन कार्डं वापरताच येत नव्हती. एक कार्ड काम करत होतं आणि दुसरं नुसतं वीज खात, गरम होत बसलं होतं.

मुलाला हे सांगितलं तर त्याला पटलं नाही. नवा एसएमपीएस घ्यायचे पैसे नव्हते. त्यात खालच्या कार्डाचा एक पंखा फिरत नव्हता, तो म्हणाला, "देताना फिरत होता." खरं-खोटं देव जाणे, माझ्याकडे लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. चारशे रुपये टेबलावर ठेवून तो गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

त्यानंतर मी या कामाची पद्धत बसवली. तीच तुम्हाला देतो.

आधी कागद, मग स्क्रू-ड्रायव्हर

पीसी आला की गिऱ्हाइकासमोर कॅबिनेटची बाजू उघडायची. मोबाईलवर फोटो काढायचे: दोन्ही कार्डं, केबली कशा लावल्यात, एसएमपीएसचं स्टिकर. कार्डांचे सिरीयल नंबर जॉबकार्डवर लिहायचे. पंखे फिरतात का, कार्ड वाकलंय का, कुठं जळकं दिसतंय का, हे त्याच्यासमोर बघून लिहायचं आणि सही घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि तपासणीचे पैसे आधी. मी एका कार्डाच्या पीसीला ५०० आणि दोन कार्डांच्याला ८०० ठेवले होते, दुरुस्ती केली तर त्यात वळते करायचो. तुमच्या गावात जो दर चालेल तो ठेवा, पण ठेवाच. काय होतं बघा, या कामात अनेकदा निदान हीच खरी विक्री असते. बदलायला पार्ट नसतोच. नुसत्या केबलची जागा बदलून काम होतं, आणि केबल हलवण्याचे ८०० रुपये मागताना आपलीच जीभ अडखळते. आधी सांगितलेलं असलं की अडखळत नाही.

तक्रार लिहितानाही नेमकी लिहा. 'पीसी खराब' हे काय लिहिणं झालं? मशीन रिस्टार्ट होतं, की नुसता पडदा काळा होऊन आवाज चालू राहतो, की गेम बंद पडून डेस्कटॉपवर येतो? तिन्हींच्या वाटा वेगळ्या. पूर्ण रिस्टार्ट किंवा बंद म्हणजे आधी वीज बघा. पडदा काळा होऊन परत आला आणि ड्रायव्हर थांबून पुन्हा चालू झाल्याची नोंद मिळाली, तर ड्रायव्हर, कार्ड किंवा उष्णता. एकच गेम बंद पडतो आणि बाकी सगळे चालतात, तर बहुतेक त्या गेमचाच प्रश्न.

एक विचारायचं राहिलं. "दोन ग्राफिक्स आहेत" असं सांगत येणाऱ्यांत लॅपटॉपवाले भरपूर असतात. त्यांच्याकडे प्रोसेसरमधलं एक आणि वेगळं एक, अशी दोन असतात, आणि गेम चुकून प्रोसेसरवाल्यावर चालत असतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे तो गेम निवडून 'हाय परफॉर्मन्स' द्यायचं. दहा मिनिटांचं काम. डेस्कटॉपवर याचाच भाऊ म्हणजे मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या भोकात लावलेली. हसू नका, चांगली चांगली माणसं हे करतात.

एका वेळी एक

आता मुख्य काम. दोन्ही कार्डं बसलेली असताना काहीही तपासू नका. ब्रिज काढा, खालचं कार्ड काढा. वरच्या स्लॉटमध्ये पहिलं कार्ड एकटं, अर्धा तास लोड द्या. मग तेच स्लॉट, तीच केबल, दुसरं कार्ड, पुन्हा अर्धा तास. त्यानंतर जे कार्ड चांगलं निघालं ते खालच्या स्लॉटमध्ये एकटं. मॉनिटरची केबल प्रत्येक वेळी चालू कार्डाला.

एवढ्यावरून निम्मं कोडं सुटतं. दुसरं कार्ड वरच्या स्लॉटमध्येही ठिपके दाखवतंय किंवा अडकतंय, तर दोष कार्डात. चांगलं कार्ड खाली गेल्यावर दिसेनासं होतंय, तर दोष स्लॉटमध्ये किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये. दोन्ही कार्डं दोन्ही जागी एकटी सुखाने चालतात आणि एकत्र आली की भांडतात, तर कार्डांना बोल लावू नका. तिथे वीज, उष्णता, बोर्डावरच्या लेन किंवा सॉफ्टवेअर या चारांतलं काहीतरी आहे.

लोडसाठी फरमार्क चालतं, पण पंधरा-वीस मिनिटांवर नेऊ नका. उरलेला वेळ गिऱ्हाइकाचा नेहमीचा गेमच चालवा. फरमार्क कार्डाला सलग तापवतं, तर गेममध्ये लोड क्षणाक्षणाला वर-खाली होतो, आणि कच्चा एसएमपीएस त्या धक्क्यांनी पडतो.

विजेचा हिशोब शाळेतल्या बेरजेइतका सोपा आहे. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. जीटीएक्स १०७० कंपनीच्या आकड्यानुसार १५० वॅट खातं, १०८० हे १८० आणि १०८० टीआय २५० वॅट. म्हणजे दोन १०८० टीआय असतील तर ५०० वॅट नुसते कार्डांचे. त्यात प्रोसेसर, बोर्ड, पंखे, डिस्क. मग ६५० वॅटचं स्टिकर बघून 'पुरेल की' म्हणायचं का? स्टिकरवरचे एकूण वॅट सोडा, १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. त्याला १२ ने गुणलं की खरा आकडा कळतो, आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये तो एकूण आकड्यापेक्षा बराच खाली असतो.

मल्टीमीटर असेल तर लोड चालू असताना मोकळ्या मोलेक्स जोडणीच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर व्होल्टेज बघा. ११.४ ते १२.६ ही मर्यादा. खाली गेलं तर एसएमपीएस बदलाच. पण मर्यादेत दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सेकंदाच्या हजाराव्या भागात पडलेलं व्होल्टेज साधा मीटर दाखवत नाही. म्हणून दुकान टाकताना पहिली मोठी खरेदी मी सांगतो ती करा: ८५० वॅटचा एक चांगल्या दर्जाचा एसएमपीएस, विकायला नाही, तपासायला. तो लावून त्रास थांबला तर प्रश्नच मिटला. मी तो उसना मागत फिरलो, त्यात अख्खी दुपार गेली होती.

आणि हे लाल अक्षरात लिहून भिंतीला लावा: सुट्या केबलींचा एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या केबली बदलायच्या. एका कंपनीच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्याला बसते, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो. बटण दाबल्याबरोबर डिस्क किंवा कार्ड जळतं. तसंच प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला बहिणी वाटल्या तरी वेगळ्या आहेत. ताकद लावून बसवायला जाऊ नका.

उष्णतेत दोन कार्डांमधलं नेहमी वरचं कार्ड मार खातं. त्याचे पंखे खाली तोंड करून असतात आणि बोटभर अंतरावर खालच्या कार्डाची तापलेली पाठ असते. हवा येणार कुठून? १०८० सारखी कार्डं ८३ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःच वेग कमी करतात, मग 'स्लो' अशी तक्रार येते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत काय होत असेल याचा विचार करा. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबलफॅन मारा. तेवढ्याने फरक पडला तर कारण सापडलं. पेस्ट बदलताना मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे टाका. जाड पॅडमुळे मुख्य चिपवर हीटसिंक नीट टेकत नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं.

लेन म्हणजे काय? प्रोसेसरपासून कार्डापर्यंतचे रस्ते. नेहमीच्या घरगुती प्रोसेसरमध्ये ग्राफिक्ससाठी असे १६ रस्ते असतात. चांगल्या बोर्डात दोन कार्डं लावली की ते आठ-आठ वाटले जातात. स्वस्त बोर्डात खालचा स्लॉट दिसायला लांब असतो, पण आत चारच रस्ते जोडलेले असतात. एनव्हिडियाच्या एसएलआयला कमीत कमी आठ लागतात, चारावर पर्याय दिसतच नाही. एएमडीचं क्रॉसफायर चारावरही चालायचं. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर कार्डाला किती लेन मिळाल्या ते दाखवतं. लोड देऊन मगच आकडा वाचा, कारण मोकळं असताना कार्ड वेग खाली आणतं आणि आपण उगाच घाबरतो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो. इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने जुना ड्रायव्हर मुळापासून उपटा, मग नवा टाका. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ दिसला तर बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू करून बघा. कोड ४३ दिसला तर कार्ड एकटं दुसऱ्या मशीनवर लावून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

सगळं ठीक आहे, तरी गिऱ्हाईक नाराज

माझा तिसरा दिवस ज्यात गेला ते हेच. पीसीत दोष नाही, पण दुसऱ्या कार्डाचा उपयोगही नाही. हे गिऱ्हाइकाला समजावता आलं पाहिजे, म्हणून आधी आपल्याला माहीत पाहिजे.

एनव्हिडियाने एसएलआय २००४ मध्ये आणलं, एटीआयचं क्रॉसफायर २००५ मध्ये आलं. पद्धत साधारण अशी की पडद्यावरचं एक चित्र पहिलं कार्ड काढणार, पुढचं दुसरं कार्ड. नंतरच्या गेममध्ये पुढचं चित्र काढायला आधीच्या चित्राचा तपशील लागायला लागला. मग एका कार्डाने दुसऱ्याची वाट बघायची, त्यातून बारीक बारीक झटके बसायचे. ड्रायव्हरमध्ये गेमनिहाय प्रोफाइल असली तरच हे जमायचं, आणि १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने नवीन एसएलआय प्रोफाइल देणं बंद केलं. आरटीएक्स ३० मालिकेत फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला ब्रिजची जागा होती, ४० मालिकेत कोणालाच नाही. पुढे गेम बनवणाऱ्याने स्वतः सोय केली तरच दोन कार्डं चालणार, आणि अशी सोय करणारे मोजकेच.

दुसरा गैरसमज मेमरीचा. आठ जीबीची दोन कार्डं म्हणजे सोळा जीबी होत नाही. दोन्ही कार्डांना तोच सगळा माल आपापल्याजवळ ठेवावा लागतो, म्हणून गेमला आठच मिळते.

मात्र दुसरं कार्ड सगळीकडेच वाया जातं असं नाही. ब्लेंडरचं सायकल्स रेंडर ब्रिजशिवाय दोन्ही कार्डं वापरतं. दाविंची रिझॉल्व्हची विकत घ्यायची स्टुडिओ आवृत्ती एकापेक्षा जास्त कार्डं वापरते, मोफत आवृत्ती एकाच कार्डावर चालते. घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणारे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटून घेतात. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही या मशीनवर करता काय. उत्तर 'फक्त गेम' असेल तर सरळ सांगा, एक कार्ड विका. तुमच्या दुकानातून त्या दिवशी एसएमपीएस विकला जाणार नाही, हे मला मान्य आहे. पण १००० वॅटचा एसएमपीएस गळ्यात मारलात आणि घरी जाऊन गेम तेवढाच चालला, तर तो माणूस चार ठिकाणी तुमचं नाव घेईल, आणि चांगल्या कारणासाठी नाही.

दुकान आता पुतण्या बघतो. मध्यंतरी उंब्रजहून लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे एक दादा आले, तेव्हा मी तिथेच होतो. दोन १०८० टीआय, अकरा जीबीची. अकरा आणि अकरा बावीस होतील या हिशोबाने घेतलेली. नवीन एम.२ एसएसडी टाकल्यापासून दुसरं कार्ड गायब. त्यांना वाटलं, कार्ड जळलं. पुतण्याने फोटो काढले, जॉबकार्ड भरलं, ८०० घेतले आणि एक-एक कार्ड लावून बघितलं. वर दोन्ही ठणठणीत, खाली दोन्ही गायब. मग बोर्डाचं मॅन्युअल उघडलं. खालचा स्लॉट आणि तो एम.२ स्लॉट एकाच चार लेनवर होते, एसएसडी आली की स्लॉट बंद. एसएसडी वरच्या एम.२ मध्ये हलवली, कार्ड परत दिसलं. सव्वा तास.

दादा म्हणाले, "एवढंच होतं?"

"एवढंच," पुतण्या म्हणाला, "पण अजून एक सांगतो. खालच्या स्लॉटला चारच लेन आहेत, म्हणून एसएलआय तुमच्याकडे कधी चालूच झालं नव्हतं. आणि तुमचं रिझॉल्व्ह मोफतवालं आहे, ते एकच कार्ड वापरतं. एक तर स्टुडिओ घ्या, नाही तर एक कार्ड विका."

दोन दिवसांनी दादांचा फोन आला, "तुम्हीच घेता का?" पंखे, सिरीयल नंबर, अर्ध्या तासाचा लोड, सगळं आधीच कागदावर होतं, त्यामुळे भावाची घासाघीस दोन मिनिटांत आटोपली. ते कार्ड विकायला लावलेलं नाही. ८५० वॅटच्या एसएमपीएसशेजारी फळीवर ठेवलंय, आणि कोणाचा डिस्प्ले गेला की आधी तेच लावून बघतात.